रिक्तिका

ऑगस्टात अल खोरला सत्तेचाळीस अंश
आणि मी स्वेटर घालून शीतखोलीत,
चार अंशांवर, नाक गळतंय,
नळीतून थेंब थेंब उतरणाऱ्या प्रथिनाची वाट बघत.
काचेपलीकडून मुआविया खुणेनं विचारतो, उतरलं?
मी मान हलवते. नाही.

पानं दखीऱ्याच्या तिवरांची.
शफीकुलनं भरतीला होडी आत घातली होती,
म्हणाला, आपा, चाटून बघा.
पानावर खरोखरच मिठाचे दाणे.
शिरोड्याला आमच्या मिठागराच्या बांधावर हेच झाड होतं,
तिथे चाटायचं कधी सुचलं नाही.

समुद्र पिऊन हे मरत कसं नाही?
कुणीतरी मीठ बाहेर फेकत असणार.
एक जनुक हाती लागलं,
आणि त्यानं घडवलेल्या प्रथिनाला आम्ही
घाईघाईनं नाव ठेवलं, द्वारपाल.
बारशाआधी हाक मारू नये, हे ठाऊक असूनही.

पटलातून प्रथिन काढणं म्हणजे
मुरलेली फोड लोणच्यातून उचलायची
आणि बरणी बदलल्याचं तिला कळू द्यायचं नाही.
साबण जास्त झाला की उसवते,
कमी पडला की गोळा होऊन तळाशी बसते.
अकरा साबण वाया गेले.
बाराव्यात तगली.

मग जाळी, टिकलीहून लहान, सोन्याची.
तिच्यावर थेंब, टीपकागद, आणि झपकन बुडी,
पाण्याला बर्फ व्हायचं सुचायच्या आत
त्याची काच व्हायला हवी.
रात्रभर सूक्ष्मदर्शक फोटो काढत राहिला,
नुसता राखाडी रवा.
त्यातून वेचल्या तीन लाख बारा हजार सावल्या,
कुशीवरच्या, पालथ्या, डोक्यावर उभ्या,
एकीवर एक ठेवत गेलो
आणि चौथ्या दिवशी
पडद्यावर बारा वेटोळी सावकाश वर आली.
मधोमध खाच,
खाचेत बहुधा सोडियम, शपथ घेणार नाही,
आणि वाट दोन्हीकडून मिटलेली.
घोट तोंडात धरून कुणी गप्प बसावं
तसं.

आता ते राहतं कुठे?
त्याला हिरवा दिवा बांधून पेशीत सोडलं.
डॉ. हेस्सा माझ्या खांद्यावरून वाकल्या,
आम्ही दोघी कुंपणावर उजेड शोधत होतो.
कुंपण काळं.
उजेड आत, अगदी आत,
रिक्तिकेभोवती गोल.

हा शब्द खांडेपारकर बाईंनी फळ्यावर लिहिला होता,
रिकामी ती रिक्तिका, लिहून घ्या.
मी लिहून घेतलं होतं.
आणि इथे तीच मिठानं तुडुंब,
आमचा द्वारपाल दारात कधी नव्हताच,
तो आतल्या खोलीचा कोठावळा.
पानावरचं मीठ फेकणारा कुणी वेगळा.

खात्री म्हणून खारट बशीत
मीठ न सोसणारं यीस्ट ठेवलं.
हे प्रथिन दिलं, ते वाढलं.
खाचेतला एक दुवा बदलला, मेलं.
तीनदा केलं. तीनदा मेलं.

त्या रात्री बाबांना फोनवर सांगितलं.
ते म्हणाले, अगं, मीठ फेकत कोण बसतं?
मृगाआधी राशी आत घ्यायच्या,
वरून शाकारायच्या, दार लावायचं.
तीन वर्षं लागली हे कळायला?
मी म्हटलं, पावणेचार.

लेखासाठी चित्र काढताना
शेपटीचे एकोणीस दुवे सापडेनात.
ते हलते असतात,
तीन लाख सावल्यांत एका जागी दोनदा नाहीत.
अशा ठिकाणी तुटक रेघ काढायची पद्धत आहे.
मी काढली.
मुआवियानं बोट ठेवून विचारलं, इथे काही नाही?
आहे, म्हटलं, पण ठरत नाही कुठे.

मुआविया ओम्दुरमानचा.
बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला,
मग म्हणाला, चहा निवला तुझा.